देह एक, दावेदार दोन

समजा, निगडी प्राधिकरणातील एखाद्या सदनिकेत शनिवारी रात्री पाच मित्र टेबलाभोवती बसले आहेत. टेबलावर हाताने काढलेला नकाशा, पेन्सिली, चिवड्याची वाटी आणि वीस बाजूंचा एक फासा आहे. पाचव्या मित्राकडे सूत्रधाराचे काम आहे. तो सांगतो, पडक्या वाड्यात दडून बसलेले भूत आता चौघांतील योद्ध्याच्या अंगात शिरू पाहत आहे. योद्ध्याची भूमिका करणारा फासा टाकतो, आकड्यांची बेरीज १३ च्या खाली राहते आणि भूत शिरते. त्या क्षणापासून योद्ध्याचे हात, त्याची तलवार आणि त्याचा आवाज दुसऱ्याच कुणाचा असतो. उरलेल्या तिघांपुढे मग पेच पडतो. भुताला बाहेर काढण्याचा हमखास उपाय नियमपुस्तकातच दिलेला आहे. ते शरीर बेशुद्ध होऊन कोसळेपर्यंत त्यावर वार करायचे. अडचण एवढीच की ते शरीर त्यांच्या मित्राचे आहे.

हा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकी खेळरचनाकारांनी तो १९७४ मध्ये बाजारात आणला. पुढे संगणकावर अवतरलेल्या बहुतेक सर्व रोल-प्लेइंग खेळांचा मूळपुरुष हाच. खेळाडूने एखादे पात्र घ्यायचे, त्याच्या तोंडून बोलायचे, त्याच्या बऱ्यावाईटाचे निर्णय घ्यायचे, अशी ही रीत. घरातील वडीलधाऱ्यांना हा सारा प्रकार परदेशी आणि काहीसा अघोरी वाटतो. मात्र टेबलावर पडलेला तो पेच मुळीच परका नाही. ‘भूत उतरविण्याच्या’ नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, काठीने अथवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे, चटके देणे, हे प्रकार महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच क्रमांकावर आहेत. कायद्यात ते लिहावे लागले, कारण ते घडत होते. मार भुताला म्हणून दिला जातो, वळ उठतात ते सुनेच्या पाठीवर.

म्हणून भूतबाधेच्या कोणत्याही कथेला, मग ती पोथीतील असो की खेळाच्या पुस्तकातील, एक प्रश्न विचारून पाहावा. दुसरा कुणी आत आला, तेव्हा मूळचा माणूस गेला कुठे? या प्रश्नाच्या उत्तरावर बाकी सारे अवलंबून असते. मार कुणाला लागतो, शब्द कुणाचे मानायचे आणि गुन्हा कुणाच्या नावावर नोंदवायचा, हे सारे त्यातूनच ठरते.

पाहणारा आणि कोंडलेला

खेळाचे नियम याबाबत चकित व्हावे इतके काटेकोर आहेत. २०१४ च्या आवृत्तीतील भुताचेच पाहा. भूत अंगात शिरले तरी मूळ माणसाची जाणीव नष्ट होत नाही. त्याला सर्व दिसते, समजते. फक्त शरीरावरचा ताबा जातो. भुताला त्याचे बळ आणि चपळता मिळते, पण त्याचे ज्ञान किंवा कसब मिळत नाही. बुद्धी आणि नीतिमत्ता भुताची स्वतःचीच राहते. एकदा बाहेर पडल्यावर तेच भूत त्याच माणसाला २४ तास पुन्हा धरू शकत नाही. देह कोसळण्याखेरीज सुटकेचे आणखी दोन मार्ग आहेत. एक तर भुताने आपण होऊन निघून जावे, नाही तर पुरोहिताच्या सामर्थ्याने वा योग्य मंत्राने त्याला हाकलावे. ज्या गटात पुरोहिताची भूमिका घेणारा कुणी नसतो, त्याची पंचाईत होते. आपल्याकडील गावात देवऋषी परगावी गेलेला असावा, तशातलीच ही गत.

याच खेळात ‘मॅजिक जार’ नावाचा मंत्र आहे. तो वापरणारा मांत्रिक आपला आत्मा प्रथम एका मौल्यवान रत्नात ठेवतो. त्याचे स्वतःचे शरीर निश्चेष्ट पडून राहते. रत्नातून तो शंभर फुटांच्या आतील एखाद्या माणसाच्या देहावर झडप घालतो, आणि त्या माणसाचा आत्मा रत्नात कोंडला जातो. कोंडलेल्याला आतून बाहेरचे कळते, पण हलता येत नाही. दरम्यान मांत्रिकाचे मूळ शरीर कुणी नष्ट केले, तर त्याला परतायला जागाच उरत नाही.

मराठी वाचकाला येथे काही ओळखीचे ऐकू यावे. ‘परकायाप्रवेश’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळलेला आहे की नटाच्या अभिनयाचे कौतुक करतानाही समीक्षक तो सहज वापरतात. शंकराचार्यांच्या चरित्रकथेत उभयभारतीने कामशास्त्रावरील प्रश्न विचारल्यावर आचार्य मुदत मागून घेतात आणि अमरुक नावाच्या मृत राजाच्या देहात प्रवेश करतात. त्यांचा मूळ देह गुहेत असतो, शिष्य राखण करीत असतात. राजा एकाएकी फार शहाणा झालेला पाहून मंत्र्यांना संशय येतो. राज्यातील सर्व निर्जीव देह जाळून टाकण्याचा हुकूम ते सोडतात, म्हणजे आत शिरलेल्या योग्याला परत जाता येणार नाही. ‘नवनाथ भक्तिसार’ या १८१९ च्या मराठी पोथीत मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृतदेहात शिरतात, मूळ देहाची राखण गोरक्षनाथाकडे येते आणि राणीला खरे कळल्यावर तो मूळ देहच धोक्यात येतो. राखणदार, मुदत, जागा सोडून आलेला देह आणि तो नष्ट होण्याची टांगती तलवार, ही सारी यंत्रणा या कथांत फार पूर्वीच तयार होती. गायगॅक्स यांनी या कथा वाचल्या होत्या असा दावा येथे नाही. एकाच अडचणीचा विचार करणारी माणसे एकाच प्रकारच्या कड्याकुलुपांपर्यंत पोहोचतात, एवढेच म्हणता येईल.

फरक आहे तो एका ठिकाणी. नाथांच्या आणि आचार्यांच्या कथांत प्रवेश होतो तो मृत देहात. तेथे आधीचा मालक निघून गेलेला असतो, त्यामुळे कुणाला कोंडावे लागत नाही. भारतीय कथाकारांनी चोरीचा आरोप टाळण्यासाठी योजलेली ही सभ्य तोड म्हणायची. तिचा धोका मात्र निराळा आहे. शिरणारा स्वतःलाच विसरतो. अमरुकाच्या देहातील आचार्यांना शिष्य गाऊन जागे करतात. स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्रनाथांना गोरक्षनाथ मृदंगाच्या बोलांतून हाक घालतो. व्ही. शांतारामांनी १९३२ मध्ये ‘प्रभात’साठी ‘माया मच्छिंद्र’ काढला, तो याच कथेवर.

वेताळाचे दोन प्रश्न

परकायाप्रवेशातील माणसाला काय वाटत असेल, याचा विचार करणारी सर्वांत सुंदर गोष्ट वेताळपंचविशीत आहे. एक वृद्ध तपस्वी स्मशानात आणलेल्या तरुणाच्या प्रेतात शिरायचे ठरवतो. शिरण्यापूर्वी तो आधी रडतो आणि मग नाचतो. वेताळ विक्रमाला विचारतो, असे का? राजा सांगतो, आईवडिलांनी ज्याला न्हाऊमाखू घातले, ज्याच्यासह इतकी वर्षे काढली, तो देह सोडायचा म्हणून तो रडला. नवे तारुण्य मिळणार म्हणून नाचला. खेळाच्या कोणत्याही नियमपुस्तकात त्या रडण्याला जागा नाही.

दुसरी गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. देवीच्या देवळात शिरच्छेद करून घेतलेल्या दोघांची डोकी घाईगडबडीत अदलाबदल होऊन धडांना चिकटतात. आता त्या स्त्रीचा नवरा कोण? ज्याच्या खांद्यावर नवऱ्याचे डोके आहे तो, असा राजाचा निकाल. थॉमस मान यांनी १९४० मध्ये या गोष्टीवर लघुकादंबरी लिहिली आणि गिरीश कार्नाड यांच्या ‘हयवदन’ने ती रंगभूमीवर आणली. राजाचा निकाल दोघांनाही पुरेसा वाटला नाही. शरीरालाही स्वतःची आठवण असते की काय, ही शंका त्यांनी पुढे नेली.

नेमकी हीच शंका संगणकावरील एका खेळाने घेतलेली आहे. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स – अवेकनिंग’ या २०१० च्या खेळात ‘जस्टिस’ म्हणजे न्याय नावाचा एक आत्मा त्याच्या लोकातून बाहेर फेकला जातो आणि क्रिस्टॉफ या ठार झालेल्या योद्ध्याच्या प्रेतात अडकतो. देह कुजत चाललेला, पण त्यात क्रिस्टॉफच्या आठवणी शिल्लक आहेत. त्याची बायको ऑरा समोर येते, तेव्हा जे प्रेम त्या आत्म्याने कधीच केलेले नाही, ते त्याला आठवते. बाईसमोर नवऱ्याचा चेहरा उभा असतो, आत नवरा नसतो. ढाल-तलवारीच्या खेळात हा प्रसंग सापडावा, याचे खेळाकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांना नवल वाटेल.

‘तू कोण?’

कथांतून आता घरांत यायला हवे. मराठीत या बाबतीत दोन शब्दप्रयोग आहेत आणि बोलणाऱ्यांच्या मनात त्यांची सहसा गल्लत होत नाही. देवी, खंडोबा वा म्हसोबा ‘अंगात येतो’. भूत ‘धरते’, ‘झपाटते’, त्याची ‘बाधा’ होते. महाराष्ट्रातील देवस्थानांचा अभ्यास करणारे अमेरिकी अभ्यासक जॉन स्टॅनली यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात याच भेदावर बोट ठेवले. अंगात येणे हे आवाहन करून घेतलेले, वेळ ठरलेले आणि मानाचे असते. बाधा नको असलेली असते आणि ती काढावी लागते. एकीत माणूस झाड होतो. देवाचा संचार ज्याच्यात होतो त्याला काही भागांत ‘झाड’ म्हणतात. दुसरीत तो रोगी ठरतो.

बाधा काढण्याची पद्धत म्हणजे जवळजवळ चौकशीच असते. तू कोण, कुठला, कुठे धरलेस, काय घेऊन जाशील, असे प्रश्न विचारले जातात. भुताने नाव सांगितले की अर्धे काम झाले असे मानतात. गाणगापूरच्या दत्तस्थानी आरतीच्या वेळी किंचाळणारे, खांबांवर चढणारे बाधित अनेकांनी पाहिलेले असतात. नाव हे कशासाठी हवे, हे मराठी भुतावळीची यादी डोळ्यांखालून घातली की कळते. मुंजा पिंपळावरचा, सोडमुंज होण्याआधी मेलेला. समंधाचा जीव मागे ठेवलेल्या धनात वा वंशात अडकलेला. हडळ बाळंतपणात गेलेली. खवीस, जखीण, ब्रह्मराक्षस, चकवा, गिऱ्हा असा हा प्रत्येकाचा पत्ता, प्रत्येकाची अपुरी इच्छा आणि प्रत्येकाचा उतारा ठरलेला आहे. खेळाच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या राक्षसपुस्तकाची रचना याहून वेगळी नाही. (त्या पुस्तकात १९७७ पासून आपला ‘राक्षस’ही आहे, वाघाच्या तोंडाचा. त्याचे तळवे उलटे असतात. आपल्या भुतांचे पाय उलटे असतात, हे लक्षात घेता हा पाहुणा फार दूर गेलेला नाही.) २०२४ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने कोकणातील पिंपळावरचे हे भूत देशभर नेले.

परंतु या यादीतील कुणीही मूळ माणसाविषयी फारसे बोलत नाही, आणि येथेच खेळाचे नियम व आपला व्यवहार वेगळे होतात. अंगात आलेली बाई शुद्धीवर आल्यावर बहुधा काहीच आठवत नसल्याचे सांगते. म्हणजे ती पाहणारीही नसते आणि कोंडलेलीही नसते. तेवढा वेळ ती नसतेच. या नसण्याचे काही फायदे आहेत. मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात जगभरातील उदाहरणांवरून मांडलेला विचार असा की, ज्यांना एरवी बोलता येत नाही ते अंगात आल्यावर बोलतात. ज्या सुनेने वर मान करून बोलायचे नाही, तिच्या पायांवर सासूने डोके ठेवायचे, तिने मागितलेले लुगडे द्यायचे, तिने सुनावलेले ऐकून घ्यायचे. बोलणारी देवी असल्याने सून दोषी ठरत नाही. सुधीर कक्कर यांनी १९८२ मध्ये राजस्थानातील मेहंदीपूर बालाजी येथील बाधितांविषयी लिहिताना हाच धागा मनोविश्लेषणाच्या बाजूने पकडला. भुताच्या तोंडी येते ते बहुधा माणसाला स्वतःचे म्हणून कबूल करता न येणारे असते.

वैद्यकानेही या भेदाची दखल घेतली आहे. २०१३ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत ‘अंगात दुसरे कुणी आल्याचा अनुभव’ हा दुभंगलेल्या ओळखीच्या विकाराचे एक रूप म्हणून आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र नोंद आहे. दोन्हींकडे अट एकच आहे. समाजाने मान्य केलेल्या धार्मिक प्रथेचा भाग म्हणून घडणारे अंगात येणे विकार ठरत नाही. ते नको असताना घडते, माणसाला त्याचा त्रास होतो, त्याचे काम आणि संसार मोडकळीस येतो, तेव्हा डॉक्टरांचे काम सुरू होते. स्टॅनली यांनी नोंदवलेला ‘येणे’ आणि ‘धरणे’ यांतला फरक डॉक्टरांच्या अटीत जवळपास जसाच्या तसा उतरलेला दिसतो.

गुन्हा कुणाचा?

सून सुटते, हे ठीक. पण हीच सवलत बाबाला दिली तर? डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी अनेक वर्षे लढा दिला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. या कायद्याने अंगात येण्यावर सरसकट बंदी घातली, असा समज अजूनही आढळतो. तसे नाही. आपल्या अंगात अतींद्रिय शक्ती संचारली आहे असे भासवून दुसऱ्याच्या मनात भीती निर्माण करणे, किंवा आपले न ऐकल्यास वाईट होईल अशी धमकी देणे, हा गुन्हा आहे. आपण कुणाचा तरी अवतार आहोत, किंवा समोरची व्यक्ती मागल्या जन्मी आपली पत्नी वा प्रेयसी होती, असे सांगून शारीरिक संबंध ठेवणे हाही गुन्हा आहे. किमान सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड, अशी शिक्षा आहे. दुसऱ्या बाजूला पूजाअर्चा, वारी, कीर्तन आणि दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन यांना कायदा हात लावत नाही. आत कोण आले, देव की भूत, याचा निवाडा करायला तो तयारच नाही. त्या दाव्याने बाहेरच्या माणसाचे काय केले, एवढेच तो विचारतो.

फौजदारी कायद्याची दुसरी खिडकीही अरुंद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२, म्हणजे पूर्वीच्या दंडसंहितेचे ८४, मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हेच ज्याला कळत नव्हते, त्याला गुन्ह्यातून वगळते. तेथेही प्रश्न आहे तो मूळ माणसाच्या जाणिवेचा. आत आलेल्याचे नाव न्यायालय विचारत नाही. खेळातील ते भूतग्रस्त शरीर येथे आणून पाहिले तर गंमत होते. नियमानुसार मूळ योद्ध्याला सर्व कळत असते, पण ताबा नसतो. जाणीव आहे, पण ताबा नाही, या घराला आपल्या कायद्यात सरळ दार नाही.

उत्तर सर्वांत अवघड होते ते दोघे एकमेकांत मिसळतात तेव्हा. मघाचा तो ‘जस्टिस’ पुढच्या खेळात, २०११ च्या ‘ड्रॅगन एज २’मध्ये, अँडर्स या जिवंत वैद्य-जादूगाराच्या देहात परतलेला असतो. या वेळी मैत्रीतून, अँडर्सच्या संमतीने. जादूगारांवर होणाऱ्या अन्यायाने अँडर्स आधीच संतापलेला आहे. त्याच्या संतापात राहून न्यायाचा आत्मा सूडाचा आत्मा होतो, आणि शेवटी अँडर्स शहरातील मुख्य प्रार्थनामंदिर आतल्या माणसांसह उडवून देतो. नंतर तो एका पेटीवर पाठमोरा बसून राहतो. ठार मारायचे, हाकलून द्यायचे की सोबत ठेवायचे, हे खेळाडूने ठरवायचे असते. भूत काढण्याचा पर्याय पडद्यावर येत नाही, कारण आता काढण्याजोगे वेगळे असे काही उरलेलेच नाही. येथे भूत माणसाला बिघडवत नाही, माणूस भुताला बिघडवतो. बाधेच्या आपल्या गोष्टींत असे उलटे फारसे घडत नाही.

मुलांना खेळ धरतो काय?

पालकांची भीती मात्र पात्रांविषयी नसते. खेळणाऱ्या मुलालाच खेळ ‘धरेल’, अशी ती असते. ही भीती अमेरिकेत एकदा पुरती अंगात येऊन गेली आहे. १९७९ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठातील एक अल्पवयीन विद्यार्थी बेपत्ता झाला. तो विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हा खेळ प्रत्यक्ष खेळताना हरवला, असे वृत्तपत्रांनी छापले. प्रत्यक्षात तो नैराश्याने ग्रासलेला होता आणि खेळाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तोवर गोष्ट पसरली होती. १९८१ मध्ये त्यावर बेतलेली कादंबरी आली, आणि १९८२ च्या ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ या दूरचित्रवाणीपटात तरुण टॉम हँक्सने स्वतःला विसरून पात्रच होऊन बसलेला मुलगा रंगवला. मुळात ही मच्छिंद्रनाथांचीच गोष्ट, मात्र येथे हाक घालायला गोरक्ष नाही. पुढे खेळाविरुद्ध संघटना उभी राहिली आणि प्रकाशकांनी १९८९ च्या आवृत्तीतून सैतानांची नावेच गाळली. ती माघारी आली तीही ‘टनारी’ आणि ‘बाटेझू’ अशा बनावट नावांनी.

या गदारोळात मुलगा आजारी आहे का, हे विचारायला उशीर झाला. दोष देण्यासाठी बाहेरचा कुणी सापडला की आतल्या माणसाची विचारपूस मागे पडते. भूतबाधेच्या घरांतही हेच घडते.

चिंचवडचे देव

अशा विचारपुशीची एक जुनी नोंद निगडीपासून काही किलोमीटरवरच्या चिंचवड गावाची आहे. निगडीच्या चौकातील भक्ती-शक्ती शिल्पात शिवरायांसमोर उभे असलेल्या तुकोबांशी तिचा संबंध आहे. पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. ‘मंगलमूर्ती मोरया’ या घोषात त्यांचेच नाव असल्याचे भाविक मानतात. त्यांच्या काळाबाबत अभ्यासकांत एकमत नाही. परंपरेतील कथेत मात्र एकवाक्यता आहे. मोरयांच्या भक्तीने प्रसन्न झालेल्या मोरगावच्या गणपतीने त्यांच्यात आणि त्यांच्या वंशात सात पिढ्या वास करण्याचे वचन दिले. त्यांचे पुत्र चिंतामणी यांना तुकोबांनी ‘देव’ म्हटले आणि तेच घराण्याचे आडनाव झाले. चिंतामणींचे पुत्र नारायण यांची परीक्षा औरंगजेबाने झाकलेल्या ताटात मांस पाठवून घेतली, त्याची फुले झाली आणि बादशहाने गावे इनाम दिली, अशी आख्यायिका आहे.

भूतबाधा, अंगात येणे आणि परकायाप्रवेश या तिन्हींत हे बसत नाही. येथे कुणी आत शिरत नाही, घुमत नाही, बाहेरही पडत नाही. जन्मापासून देव आणि माणूस एकत्रच असतात. खेळांच्या जगात याला सर्वांत जवळचे उदाहरण कीथ बेकर यांच्या ‘एबेरॉन’ या २००४ च्या कल्पित विश्वात आहे. तेथे ६७ परागंदा आत्मे ६७ साधूंच्या देहात विलीन होतात, आणि त्यांचे वंशज ‘कालाश्तार’ तो अंश पिढ्यान्‌पिढ्या वाहतात. त्यांना स्वप्ने पडत नाहीत. वारशात आत्मा मिळाला, त्याची ही किंमत.

‘अवतार’ हा शब्दही खेळांनी आपल्याकडूनच उचलला. रिचर्ड गॅरियट यांच्या १९८५ च्या ‘अल्टिमा ४’मध्ये सद्गुणांनी सिद्ध झालेला नायक ‘अवतार’ होतो. लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ने १९८६ मध्ये पडद्यावरच्या खेळाडूच्या बाहुलीला तेच नाव दिले. या बाहुलीत आधी कुणी राहत नसल्याने विस्थापित कुणीच होत नाही, आणि कंटाळा आला की संगणक बंद करून बाहेर पडता येते.

चिंचवडच्या देवांना ती सोय नव्हती. एडवर्ड मूर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने या ‘वंशपरंपरागत जिवंत देवा’वर लिहिलेला लेख १८०१ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापला गेला. तो वाचून कुतूहल वाढलेल्या युरोपीयांची चिंचवडला ये-जा सुरू झाली. १८०९ च्या डिसेंबरात मारिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका तेथे आली. तिची रोजनिशी १८१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती परकी होती, ब्राह्मणांविषयी तिचे मत आधीच वाईट होते आणि बरेचसे तिने ऐकीव लिहिले आहे, हे ध्यानात ठेवूनच ते पान वाचावे लागते. देवाला रोज अफू देतात, असे ती सांगते; तेही ऐकीवच. पण काही गोष्टी तिने स्वतः पाहिल्या. साध्याशा ओसरीवर, बुटक्या लाकडी आसनावर देव बसलेला होता. देव म्हणजे लहान मुलगा. इतर मुलांहून त्याच्यात वेगळे काही नव्हते, फक्त डोळ्यांत एक अस्वस्थ भिरभिर होती. ब्राह्मणांखेरीज कुणाशी बोलणे होऊ नये म्हणून संस्कृतव्यतिरिक्त दुसरी भाषा बोलण्याची त्याला मुभा नव्हती. आणि इतर मुलांबरोबर त्याला खेळू देत नसत.

पुढल्याच वर्षी, १८१० मध्ये, धरणीधरदेवांच्या निधनाने सात पिढ्यांची थेट परंपरा संपली, असे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर सांगते. वचनाची मुदतही तेथेच पुरी होत होती. मात्र संस्थानाची इनामे चालू राहायला हवी होती. गादीवर दूरच्या नात्यातील एकाला बसवण्यात आले.